कोशिंबिरीला सुटलेलं पाणी

थंडी पडली, की मुकुंदवाडीच्या बाजारात टोमॅटोचे ढीग लागतात आणि माझ्यातला फौजदार जागा होतो. वर रचलेली लाल फळं बघून मी कधीच भुलत नाही. दर्शनी भागात कोणती फळं मांडतात आणि पिशवीत कोणती सरकवतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी एकेक टोमॅटो उचलते, देठाकडे बघते, वास घेते, अंगठ्यानं हलकेच दाबते. फार लाल असला, तर हा इतका लाल कसा म्हणून संशय येतो. कडेला हिरवट असला, तर आत पांढरा कठीण गाभा निघणार म्हणून. परवा भाजीवाली वैतागून म्हणाली, "बाई, टमाटे घ्यायलात का पोरीसाठी स्थळ बघायलात?" आजूबाजूचे हसले. मी मात्र तेव्हाही तिच्या तराजूच्या काट्याकडे बघत होते.

संशय माझ्या अंगातच मुरलेला आहे. वडील कोर्टात कारकून होते. दिवसभर दोन्ही बाजूंचं खोटं ऐकून घरी येत आणि आईनं वरणात पाणी वाढवलंय का, असं विचारून जेवायला बसत. मी शाळेत शिकवते, तिथंही तेच. दोन पेपरांत एकच चूक दिसली, की बाकं कुणाची शेजारी होती ते मी आधी आठवते. आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला असतो, पण तोटी उघडून धार डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी टाकी धुवायला घेत नाही. या स्वभावानं मला पुष्कळदा वाचवलं, हे मी अभिमानानं सांगत असते. फक्त एका हिवाळ्याचं सांगत नाही. आज विळी पुढ्यात ओढली आणि पहिला टोमॅटो चिरला, तसा तो हिवाळा पुन्हा आठवला.

कोशिंबीर म्हणजे काय मोठं काम? पिकलेले पण टणक टोमॅटो घ्यायचे, बारीक चिरायचे, ठेचायचे नाहीत. बिया जास्त असतील तर थोड्या काढायच्या. त्यात बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, दोन चमचे शेंगदाण्याचं जाडसर कूट, नखभर साखर. कढलीत चमचाभर तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग घालायचा आणि ती फोडणी चर्र करून वर ओतायची. लिंबू पिळायचं. मीठ मात्र अगदी ताट वाढताना, कारण मीठ पडलं की टोमॅटोला पाणी सुटतं आणि दहा मिनिटांत कोशिंबिरीचं सार होतं. आमच्या घरात आणखी एक नियम आहे. स्वयंपाक करताना चव घेऊन बघायची नाही. उष्टं होतं. हा नियम सासूबाईंचा. लग्न होऊन आले तेव्हा सवयीनं मी पळी तळहातावर टेकवली, तर त्या दारातूनच म्हणाल्या होत्या, "ज्योते, आमच्यात देवाच्या आधी जीभ लावत नसतेत." तेव्हापासून मीठ, तिखट सगळं अंदाजानं. आता तो अंदाज इतका पक्का झाला आहे, की चव घेतलीच तर चुकेल.

सासूबाई गंगापूरकडच्या. शेतीवाडीचं घर, आठ-दहा माणसांचा स्वयंपाक एकहाती रेटलेली बाई. सासरे गेल्यावर आमच्याकडे फ्लॅटमध्ये राहायला आल्या आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर बघून म्हणाल्या, "हे घर हाय का कपाट?" त्यानंतर पंधरा वर्षं माझ्या हातचं त्यांना काही आवडल्याचं मला आठवत नाही. भाकरी जाड, चहा पाणचट, धुणं घाईचं. मीही कमी नव्हते. त्यांच्या प्रत्येक शब्दामागे काय आहे, ते शोधत बसायचे. आमचं भांडण असं कधी झालं नाही, पण जिव्हाळाही झाला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्या मोरीत तोल जाऊन बसल्या. बोलताना जीभ जड झाली, उजवा हात तासभर उचलेना. दवाखान्यात नेलं. दोन दिवसांत सगळं पूर्ववत झालं, पण डॉक्टरांनी ह्यांना आणि मला समोर बसवून सांगितलं, "रक्तदाब फार वाढलाय. मीठ जवळजवळ बंद. ह्या वेळी वाचल्या. पुढच्या वेळी इतक्यावर भागणार नाही." घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "आता आई तुझ्या हातात आहे." मला ते वाक्य फार लागलं. माझ्या हातात दिलं म्हणजे काही झालं तर माझ्यावर येणार, असा अर्थ मी तेव्हाच काढून ठेवला.

मग रोज दोन वाट्या होऊ लागल्या. कोशिंबीर कालवायची, एक वाटी आधी काढून ठेवायची बिनमिठाची, आणि मग बाकीच्यात मीठ. पहिले आठ दिवस हाल झाले. सासूबाईंनी एक घास घेतला की वाटी पुढे सरकवायची. "ह्याला काय चव हाय? ने, गाईम्होरं ठेव." भाजी नको, वरण नको, भाकरीचे चार तुकडे दुधात. दंड बारीक दिसायला लागले. बिनमिठाचं खाऊन माणूस वाचतं म्हणे, पण आमच्याकडे ते खातच नव्हतं. एका दुपारी त्यांच्या ताटातली भाकरी तशीच उचलताना मला रडू आलं आणि त्यांनी ते बघितलं.

त्यानंतर दोनतीन दिवसांतच त्या कोशिंबीर खाऊ लागल्या.

आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शाळेत चाचणी परीक्षेचे गठ्ठे आले होते. सकाळची शाळा, दुपारी जेवणं, मग पेपर. दाणे भाजायलाही वेळ नव्हता, म्हणून ह्यांना म्हटलं, कामावरून येताना भट्टीवरून भाजलेलेच आणत जा, मी नुसते मिक्सरमधून काढीन. एवढी धावपळ, त्यात सासूबाई पोटभर जेवताहेत म्हटल्यावर सुटल्यासारखं झालं. पण वाटी रोज चाटूनपुसून रिकामी यायला लागली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पंधरा वर्षं चवीवरून नाक मुरडणारी बाई बिनमिठाचा टोमॅटो इतक्या आवडीनं खाते?

आणि त्यांचं वागणंही बदललं. मी शाळेतून आले की माझा चहा झाकून ठेवलेला असायचा. एकदा म्हणाल्या, "ये, डोक्याला तेल लावते. किती कोरडे झालेत केस." समोरच्या शबानाभाभींना माझ्यादेखत सांगितलं, "आमची ज्योती लई गुणाची हाय बरं." ज्योते नाही, ज्योती! दुसऱ्या कुठल्या सुनेला आनंद झाला असता. मला झाला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, एवढंच वाटलं. त्यांची बोटं माझ्या केसांतून फिरत होती, मला झोप येत होती, आणि मी मनात हिशोब जुळवत होते की सासूबाईंना नेमकं काय लपवायचं आहे.

पाणी मुरत नव्हतं, सुटत होतं. एकदा मी त्यांची वाटी वाढली आणि कुणीतरी दार वाजवलं म्हणून गेले. परत आले तर त्यांच्या वाटीत तळाशी पाणी. बिनमिठाच्या कोशिंबिरीला इतकं पाणी सुटत नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. जेवण झाल्यावर मी वाटी मोरीत नेली, तळाला राहिलेल्या थेंबात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट.

त्या एका थेंबानंतर मी जे केलं, ते लिहायला लाज वाटते. मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि झाकणावर पेनानं बारीक खूण केली, फिरवलं तर कळावं म्हणून. खूण हलली नाही. म्हणजे मीठ बाहेरून येतं. त्या देवळात गेल्या की मी त्यांची उशी चाचपली, औषधाचा डबा पालथा केला, देवाच्या पुस्तकाची पानं झटकली. त्या पदराला काहीबाही गाठीत बांधून ठेवायच्या. एका दुपारी त्या झोपल्या असताना मी ती गाठ सोडली. आत एक लवंग आणि सुपारीचं खांड निघालं. गाठ होती तशी परत बांधली. त्या जाग्या झाल्या नाहीत. झाल्या असत्या तर काय सांगितलं असतं, मला आजही माहीत नाही.

मग शबानाभाभींवर संशय आला. दुपारी त्या येऊन बसत, दोघींची कुजबुज चाले. ह्यांच्यावर आला, कारण लेकच तो. मला स्वतःलाही माझी कोशिंबीर कधीकधी खारट लागायची, तर मी नव्या मिठाच्या पुडीवर आळ घेतला, आजकाल मीठसुद्धा धड मिळत नाही म्हणून. शेवटी न राहवून ह्यांना सांगितलं, "आई चोरून मीठ खाताहेत."

"पाहिलंस का तू?"

"पाहिलं नाही. पण मला कळतं."

"तुला नेहमीच कळतं," हे म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

डॉक्टरांकडे दाखवायला नेलं तर रक्तदाब तसूभरही उतरला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मीठ बंद आहे ना नक्की?" सासूबाई माझ्याआधी घाईनं बोलल्या, "बंद हाय, साहेब. ही लई काटेकोर हाय. चिमूट घालू देत नाय." आणि टेबलाखाली त्यांनी माझा हात दाबला. मी तो हात झटकला नाही, एवढंच. मनात म्हटलं, स्वतःचा जीव घालवताय आणि वर मला सामील करून घेताय? ठरवलं, की संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं की एकदा समोर बसवून सगळं काढायचं. कबूल केलं नाही, तर धाकट्या दिरांकडे गंगापूरला पाठवायचं. मग त्यांनी सांभाळावं. मी कुणाच्या मरणाला जबाबदार होणार नव्हते.

संक्रांत आली. आदल्या दिवशी मी तिळगुळाचे लाडू वळले. आमच्याकडे तिळात निम्मं दाण्याचं कूट घालतात, लाडू खुसखुशीत होतो. देवापुढे पाच ठेवले, बाकी डब्यात भरले. अर्थात चव न घेता. संध्याकाळी बायका आल्या, वाण लुटलं, लाडू वाटले. सगळ्या तोंडभरून "छान झालेत हं" म्हणत होत्या. पण माझी नजर ती माझी नजर. एकीनं अर्धा लाडू रुमालात गुंडाळला. दुसरीनं पर्समध्ये टाकला. तिसरीनं पाणी मागितलं. ह्या बायकांचं काय चाललंय, म्हणून मी बघत राहिले.

शबानाभाभी दरवर्षी तिळगूळ घ्यायला येतात. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "बाजी, बुरा नक्को मानो, पन तिलगुल में नमक डाले क्या?"

"तिळगुळात मीठ कोण घालतं भाभी?"

"तो खा के देखो ना."

मी खाऊन बघितलं. गूळ गोड होता, तीळ खमंग होते आणि मागून हळूच खारट चव येत होती. मग मी कुटाची बरणी उघडली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात नियम मोडून चिमूटभर कूट जिभेवर ठेवलं.

हे कामावरून आले तेव्हा मी दारातच विचारलं, "दाणे कुठले आणता तुम्ही?"

"भट्टीवरचे. तूच सांगितलंस ना?"

"साधे का खारे?"

"खारेच. मिठाच्या पाण्यात भिजवून भाजतात ते. साधे नुसते खायला काय मजा? येताना रस्त्यात चार मीही खातो." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "का? काय झालं?"

काय होणार? दोन महिने मी उशा चाचपत होते, गाठी सोडत होते, शेजारणीवर डोळा ठेवत होते, आणि मीठ मी स्वतःच्या हातानं रोज दोन चमचे कुटातून त्यांच्या वाटीत घालत होते. घरातल्या एकूण एक माणसावर संशय घेतला, पण बरणीवर घ्यायचं मला सुचलं नाही. ह्यांना हसू यायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, हसू नका. डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवा. त्यांचं हसू गेलं. त्यांच्या आईला तोवर काही झालं असतं, तर मी त्यांना चोर समजतानाच त्या गेल्या असत्या. हा विचार आजही मला पुरता करवत नाही.

बायका गेल्या. सासूबाई कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेले आणि जमिनीवर बसले. गाठीचं सोडून सगळं सांगायचं ठरवलं होतं.

"आई, तुमच्या कोशिंबिरीत इतके दिवस मीठ होतं."

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, हे कुठं आहेत ते बघायला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला काय कळत नाय व्हय? पयल्याच घासाला कळलं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्या दिवशी तू रडलीस ना, माझं ताट उचलताना? दोनतीन दिवसांतच घालायला लागलीस. मी म्हणलं, ह्या पोरीला जपलं पायजे. नवऱ्याला कळलं तर तिला बोलंल. म्हणून कुणाला सांगितलं नाय. त्या डॉक्टरला बी नाय." मग म्हणाल्या, "माझ्या पोटच्या पोरीनं नसतं केलं, ज्योती."

मी तोंड उघडलं होतं. ती चूक होती, खाऱ्या दाण्यांची, मी तर तुम्हालाच चोर समजत होते, हे सगळं जिभेपर्यंत आलं होतं. पण त्यांचा हात डोक्यावरून निघेना. दोन महिन्यांचा चहा, तेल, ते ज्योती म्हणणं, टेबलाखाली दाबलेला हात, सगळं एका क्षणात उलगडलं आणि माझी मलाच किळस आली. शेवटी एवढंच म्हटलं, "आता नाही घालता येणार, आई. तुम्हाला अपाय होतो."

"नगं घालू," त्या म्हणाल्या. "घातलंस तेवढंच लई झालं."

दुसऱ्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. मी सकाळी उठून साधे दाणे भाजले, सोलले, पाखडले, कुटले. कोशिंबीर केली. हे शेजारी जेवायला बसलेले. सासूबाईंनी घास घेतला आणि थांबल्या. नगं घालू म्हणाल्या होत्या, तरी आशा असावी. त्यांनी लेकाकडे एक नजर टाकली, मग माझ्याकडे बघून मान बारीक हलवली, असू दे, आज हा बसलाय ना, अशी. आणि वाटी संपवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी शबानाभाभी आलेल्या होत्या, म्हणून घालता आलं नसेल. तिसऱ्या दिवशी मला घाई होती. रोज त्यांना माझ्यासाठी काही ना काही सबब सापडत गेली. मी मिठाचे पुरावे शोधत होते, तितक्याच चिकाटीनं. पंधरा दिवस त्या बिनमिठाचं खात राहिल्या आणि वाटी एकदाही पुढे सरकवली नाही.

पुढच्या खेपेला रक्तदाब उतरला होता. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, बाकी सगळं बिनमिठाचंच असू दे, पण जेवण जात नसेल तर दिवसातून एकदा, कोशिंबिरीत वगैरे, एक चिमूट चालेल.

त्याला आता चार वर्षं झाली. सासूबाई थकल्यात, पण खुटखुटीत आहेत. टोमॅटोची कोशिंबीर अजून रोज होते, हिवाळ्यात तर नक्की. आजही केली. फळं तीन वेळा दाबून घेतलेली, दाणे डोळ्यांसमोर भाजलेले, कूट घालण्याआधी चाखलेलं. हो, तो नियम आता मी मोडते आणि त्या दारातून बघूनही काही बोलत नाहीत. फोडणी घातली, लिंबू पिळलं. मग ह्यांना म्हटलं, "अहो, जरा गॅलरीतले कपडे काढा बघू." ह्यांना आता सवय झाली आहे. ते मुकाट्यानं उठून जातात. ते गेले, की मी बरणीतून एक चिमूट मीठ घेते, डॉक्टरांनी सांगितलेली, तेवढीच, आणि मान वळवून इकडेतिकडे बघत त्यांच्या वाटीत टाकते. दारात उभ्या राहून त्या सगळं बघत असतात. वाटी हातात घेताना त्यांनी पुटपुटत विचारलं, "घातलंस?"

"हळू बोला. ऐकतील."

त्या हसल्या आणि पदर तोंडाला लावला. टोमॅटोला पाणी सुटायला लागलं होतं.

फक्त एक गोष्ट आहे. डॉक्टर चिमूट चालेल म्हणाले, तेव्हा सासूबाई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या, आणि त्यांचे कान माझ्याहून तिखट आहेत. माझ्या आयुष्यातला हा एकच संशय मी अजून तपासून पाहिलेला नाही.